अल्बमचा भाव काय निघाला?

माझा भाचा ओंकार निफाड तालुक्यातून शिकायला नाशिकला आला, त्याला आता दोन वर्षं झाली. राहतो आमच्याकडेच, गंगापूर रोडला. कागदोपत्री इंजिनिअरिंग करतो, पण खरा अभ्यास हेडफोनमध्ये चालतो. गेल्या पावसाळ्यात त्याने एका परदेशी बँडचा नवा अल्बम आठ दिवस अक्षरशः झिजवला. चहा घेताना तोच, सिटीलिंकच्या बसमध्ये तोच, भांडी घासायची पाळी आली की तोच. नवव्या दिवशी एकदम शांतता. काय झालं म्हणून विचारलं, तर त्याने फोन माझ्यापुढे धरला. एका परीक्षणाच्या वर ठळक आकडा होता: ५.९.

"एकोणसाठ टक्के, मामा. फर्स्ट क्लाससुद्धा नाही. आणि मी येड्यासारखा ऐकत बसलो होतो."

आठ दिवस कान जे सांगत होते ते एका आकड्याने धुऊन काढलं. परीक्षण पूर्ण वाचलंस का, असं विचारलं तर मान हलवली. नाही वाचलेलं. मग त्या रात्री आम्ही दोघं गच्चीत बसलो, आणि परदेशातले हे समीक्षक नव्या इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह अल्बमांना गुण देतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मला जमेल तसं मी त्याला सांगितलं. इथे तेच थोडं नीटनेटकं करून मांडतो आहे.

आधी ते दोन शब्द. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, आणि हा शब्द मुळात धंद्याचा आहे. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून साधारण पाचशे पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. मोठ्या कंपनीच्या दारात गेलेच नाहीत. असं करता येतं हे दिसल्यावर बाकीच्यांनाही धीर आला, छोटी लेबलं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपन्या, उगवली, आणि १९८० मध्ये ब्रिटनमध्ये अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादीच सुरू झाली. त्या यादीत यायचं तर तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली चालायची नाही, बाकी संगीत कसलंही असो. पुढे १९८६ मध्ये एनएमई या साप्ताहिकाने अशा बँडांची एक कॅसेट काढली. तिच्यातल्या किणकिणत्या गिटारींमुळे 'इंडी' म्हणजे एक ठरावीक आवाज, अशी समजूत पक्की होत गेली. ऑल्टरनेटिव्हची गोष्ट अमेरिकेतली. मोठी रेडिओ केंद्रं जे वाजवत नसत ते कॉलेजची पोरं आपल्या रेडिओवर वाजवत, तो हा 'पर्याय'. मग जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या बँडच्या अल्बमने मायकल जॅक्सनला बाजूला सारून बिलबोर्डच्या यादीत पहिला नंबर घेतला, आणि पर्याय होता तोच मुख्य रस्ता झाला. शब्द मात्र तोच राहिला. आपल्या सिडकोला नाही का अजून नवीन नाशिक म्हणत!

आता परीक्षण बनतं कसं ते बघू. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, लेबलची माणसं समीक्षकाला अल्बमची खासगी लिंक पाठवतात आणि अमुक तारखेपर्यंत काही छापू नका अशी अट घालतात. अल्बम मोठ्या नावाचा असला तर गळतीच्या भीतीने लिंक येतच नाही आणि समीक्षकही आपल्यासारखाच शुक्रवारी ऐकायला बसतो. लिहिणारा बहुतेक वेळा पगारी नसतो, लेखागणिक पैसे मिळतात, आणि तेही फार नाहीत. त्याने अल्बम पाच-सात वेळा ऐकलेला असतो. ओंकारने आठ दिवसांत त्याहून कितीतरी जास्त वेळा ऐकला होता. हे ऐकून तो जरा सावरून बसला.

आणि तो आकडा? पिचफोर्क हे संगीत-परीक्षणांचं संकेतस्थळ, या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव. रायन श्रायबर नावाच्या मुलाने ते १९९६ मध्ये मिनेसोटात सुरू केलं. तिथे ०.० पासून १०.० पर्यंत, दशांश चिन्हासकट गुण देतात. या दशांशानेच सगळा घोळ केला आहे. ५.९ आणि ६.१ यांत जणू मोजपट्टी लावून काढलेला फरक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात संपादक मंडळी लेखकाशी बोलून आकडा ठरवतात. म्हणजे मजकूर एकाचा, आकडा चार-पाच जणांचा. आपल्या डोक्यात पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास हे शाळेपासून इतकं घट्ट बसलंय की ५.९ पाहिल्यावर गुणपत्रिकाच दिसते. त्यांच्या हिशोबात सातच्या आसपास म्हणजे चांगला, आठच्या पुढे म्हणजे आवर्जून ऐका, आणि पाच-सहा म्हणजे काही गोष्टी जमल्या, काही नाही. पूर्ण दहा मिळवणारे नवे अल्बम फारच थोडे. रेडिओहेडला २००० मध्ये मिळाले, कान्ये वेस्टला २०१० मध्ये, फियोना ॲपलला २०२० मध्ये. नाशिककरांना खरं तर हे कळायला अवघड जाऊ नये. वाइनला शंभरपैकी गुण देण्याची जी अमेरिकी पद्धत रॉबर्ट पार्करने रूढ केली, ती पन्नासपासून सुरू होते. तिथे ७५ म्हणजे डिस्टिंक्शन असं समजून कुणी बाटली घेतली तर चव पाहिल्यावर कळेलच.

इथपर्यंत ओंकारला पटत होतं. मग त्याने दुसरा पत्ता टाकला. "पण मेटाक्रिटिकवर तर सगळ्यांचे मिळून गुण असतात. तिथेही ६३ च होते."

मी त्याच्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दाजी त्या दिवशी लासलगावला ट्रॉली घेऊन गेले होते, उन्हाळ कांद्याची. विचारलं, आज सरासरी काय निघाली? त्यांनी सांगितली. मग विचारलं, तुम्हाला काय मिळाला? तर हसले आणि म्हणाले, "सरासरीचं काय करू? माझ्या वक्कलाला चारशे कमी लागला. वरचा माल बघून बोली चढली होती, खळ्यावर ट्रॉली रिकामी करायला लागलो तर खालच्या थरात गोल्टी निघाली, बारीक कांदा. मग काय, घासाघीस."

मेटाक्रिटिक हेच आहे. २००१ मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ स्वतः परीक्षण लिहीत नाही. वेगवेगळ्या नियतकालिकांतले गुण गोळा करून सरासरी काढतं. त्या सरासरीत सगळ्यांचा शब्द सारख्या वजनाचा नसतो. काहींचं मत जास्त धरतात, काहींचं कमी, आणि कुणाचं किती ते जाहीर करत नाहीत. शिवाय प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी. कुणी पाचपैकी तारे देतो, चार तारे म्हणजे ८० धरायचे. कुणी इंग्रजी अक्षरं देतो: बी प्लसचे होतात ८३, बीचे ७५, सीचे ५०. न्यूयॉर्कचा रॉबर्ट क्रिस्टगाऊ १९६९ पासून अशीच अक्षरं देत आला. आणि ज्याने काहीच गुण दिले नाहीत, नुसतं लिहिलं, त्याचा लेख वाचून तिथली माणसंच अंदाजाने आकडा घालतात! किलो, शेर आणि पायली एकाच काट्यावर घालून बेरीज करावी तसलं हे काम. यातून ६३ आला तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, सगळ्यांनाच अल्बम बरा, ठीकठाक वाटला. दुसरा, निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी आपटला. बाजार समितीच्या फळ्यावर निदान किमान आणि कमाल भावही लिहिलेला असतो, तो बघायची सवय लावली की अर्धं काम होतं. ओंकारच्या अल्बमचं पाहिलं. सगळ्यात वरचा आकडा ९०, सगळ्यात खालचा ४०. आणि ६३ गुण देणारा माणूस त्यात जवळपास नव्हताच.

जाता जाता आणखी एक. या सरासऱ्या हल्ली फार वर असतात. मेटाक्रिटिकवर संगीताला ६१ पासून पुढे हिरवा रंग आणि ३९ पासून खाली लाल, पण लाल रंगातला अल्बम शोधून काढावा लागतो. कारणं साधी आहेत. जागा थोडी आणि अल्बम शेकडो. अशा वेळी एखाद्या नवख्या बँडचा फसलेला अल्बम कशाला हाणायचा, म्हणून त्यावर लिहितच नाहीत. मोठ्या कलाकाराला झोडपलं तर त्याचे चाहते समीक्षकाच्या घरादारापर्यंत पोचतात. आणि पूर्वीच्या समीक्षकांच्या अंगात जी एक मस्ती होती, तिचे दुष्परिणामही लोकांनी पाहिले. २००४ मध्ये पिचफोर्कने ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या पहिल्या एकल अल्बमला थेट ०.० दिला आणि त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीला मोठाच तडाखा बसला. २००६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँडच्या अल्बमवर तर शब्दच लिहिले नाहीत, नुसता एका माकडाचा व्हिडिओ लावला. हसू येतं, कबूल. पण तो समीक्षेचा नव्हे, टवाळीचा प्रकार झाला.

त्या रात्री आम्ही ते ५.९ वालं परीक्षण शेवटी वाचलं. तीन परिच्छेद होते. समीक्षकाच्या तक्रारी अशा: गायक एकच ओळ फार वेळ घोळवत राहतो, ड्रम सगळे मशीनचे, अल्बमचा उत्तरार्ध झोपेत चालल्यासारखा, चाल पुढे सरकतच नाही. ओंकार ताडकन म्हणाला, "अहो पण मला तेच तर आवडलं! ती ओळ परत परत येते तेव्हा तिचा अर्थ बदलत जातो."

परीक्षण तेव्हा कुठे कामाला आलं. समीक्षकाने काय ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर त्याला न आवडलेल्या गोष्टींवरूनही आपल्याला आवडेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. कीर्तनात ज्या माणसाला ध्रुपद दहादा घोळवलेलं चालतं, त्याला या अल्बमचा त्रास होणार नव्हता. ज्याला नाट्यपदासारखं पुढे पुढे जाणारं हवं, त्याला झाला असता. दोघंही चूक नाहीत. पण हे कळायला आकड्याखालचा मजकूर वाचावा लागतो.

तो मजकूर वाचायची भाषाही शिकावी लागते. लग्नाच्या स्थळाच्या माहितीत 'मुलगा मनमिळाऊ' लिहिलं की आपण काय ते समजतो, तसंच. समीक्षक 'महत्त्वाकांक्षी' म्हणाला की समजावं, अल्बम लांब आहे आणि सगळा जमलेला नाही. 'परिपक्व' म्हणजे पूर्वीचा दंगा गेला, जुने चाहते जांभया देतील. 'हळूहळू चढत जाणारा' म्हणजे पहिल्यांदा ऐकून त्यालाही काही हाताला लागलं नव्हतं. एखाद्या बँडला तीन जुन्या बँडांची नावं चिकटवून 'यांच्यासारखा' म्हटलं असेल तर लेख घाईत लिहिला गेलाय असं मी धरून चालतो, अर्थात हा माझा खास आकस आहे. काही शब्द मात्र खरंच कामाचे. लो-फाय म्हणजे मुद्दाम किंवा परिस्थितीमुळे साध्या यंत्रांवर केलेलं, खरखर ठेवलेलं ध्वनिमुद्रण. शूगेझ म्हणजे ज्यात गिटारींचा धुकट गदारोळ असतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडालेला असतो. वादक पायाशी ठेवलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघत वाजवायचे, म्हणून ब्रिटिश संगीत-पत्रकारांनी 'बूट न्याहाळणारे' असं त्यांना चिडवलं, तेच नाव पडलं.

या बूट न्याहाळणाऱ्यांपैकी स्लोडाइव्ह या बँडची हकिगत ओंकारला सगळ्यात जास्त भिडली, कारण त्याच्या कॉलेजात निम्म्या मुलांच्या फोनमध्ये तो बँड आहे. १९९३ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला तेव्हा मेलडी मेकर साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं की हा पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं बरं. तोवर वारं फिरलं होतं. अमेरिकेतून ग्रंज हा खरखरीत रॉक आला होता, ब्रिटपॉप ही नवी ब्रिटिश लाट दारात होती, आणि ही सुखवस्तू घरांतली मुलं कसलं धुकं पसरवून बसलीत असा एकूण सूर होता. १९९५ मध्ये तिसरा अल्बम आला आणि लगोलग लेबलने त्यांना नारळ दिला. बँड संपला. मग वीसेक वर्षांत त्या 'लापशी' अल्बमला अभिजात म्हणायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१७ च्या अल्बमचं समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं आणि २०२३ चा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात गेला. १९९३ च्या समीक्षकाचे कान खराब होते असं मला वाटत नाही. त्याने वरचा थर पाहिला, आणि तोही त्या दिवशीच्या बाजाराच्या हवेत.

पिचफोर्कने तर हे स्वतःच कबूल केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी आपल्याच जुन्या १९ परीक्षणांचे गुण बदलले. डाफ्ट पंकच्या २००१ च्या अल्बमला ६.४ दिले होते, त्याचे १०.० केले. इंटरपोल या न्यूयॉर्कच्या बँडच्या पहिल्या अल्बमचे ९.५ वरून ७.० वर आणले. लिझ फेअरच्या ज्या अल्बमला २००३ मध्ये भोपळा दिला होता, त्याला ६.० मिळाले. आपल्याकडे पुनर्तपासणीला अर्ज करायची मुदत असते, इथे वीस वर्षांनी मास्तरनेच पेपर काढला.

मग समीक्षक हवेतच कशाला? हा ओंकारचा रास्त प्रश्न. फोन आपोआप पुढचं गाणं लावतोच की. त्याला मी सिंडी ली या नावाने गाणाऱ्या कॅनडातल्या कलाकाराचं उदाहरण दिलं. मार्च २०२४ मध्ये त्याचा बत्तीस गाण्यांचा, दोन तासांचा अल्बम आला. स्पॉटिफायवर ठेवलाच नाही. एका जुनाट दिसणाऱ्या पानावरून उतरवून घ्या आणि जमले तर पैसे पाठवा, किंवा यूट्यूबवर सलग ऐका, एवढीच सोय. फोनमधल्या यंत्रणेला हा अल्बम सुचवताच आला नसता, कारण तो तिच्या कोठारातच नव्हता. पिचफोर्कच्या समीक्षकाने तो ऐकला, ९.१ मिळाले, आणि जगभरचे लोक ते पान शोधत गेले. माणसाने माणसाला सांगितलेली गोष्ट अजून अशी चालते. त्याच २०२४ च्या जानेवारीत मालक कंपनीने पिचफोर्क पुरुषांच्या एका फॅशन मासिकात विलीन करून अनेकांना घरी पाठवलं होतं, हेही त्याला सांगितलं. आकडा नऊचा असो की पाचचा, तो लिहिणाऱ्याची नोकरी त्यावर टिकत नाही.

मतभेद कसे ऐकावेत यासाठी ताजं उदाहरण गीस या ब्रुकलिनच्या बँडचं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला त्यांचा अल्बम वर्षअखेरच्या कित्येक याद्यांत अगदी वर होता. पण सगळी चर्चा फिरते ती कॅमरन विंटर या गायकाच्या आवाजाभोवती. तो थरथरतो, घसरतो, मध्येच बोलल्यासारखा होतो आणि मग ओरडतो. एकाला त्यात सच्चेपणा दिसतो, दुसऱ्याला सोंग. दोघांनी आवाजाचं केलेलं वर्णन मात्र सारखंच असतं. मला स्वतःला तो तिसऱ्या गाण्यानंतर थकवतो. ओंकार माझ्यावर रुसला, रुसू दे.

आपल्याकडे हे काहीच नाही असंही नाही. रॉक स्ट्रीट जर्नल हे संगीताचं नियतकालिक १९९३ मध्ये अलाहाबादेतून निघालं, रोलिंग स्टोन या तसल्याच अमेरिकी मासिकाची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. मराठीत तर त्याच्या किती आधी केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या नावाने गवयांवर असं लिहून ठेवलंय की आजच्या समीक्षकाने वाचून शिकावं: आवाज कसा लागतो, तान कुठून सुटते, समेवर यायचा डौल खरा की शिकलेला. पंचवटीतल्या पलुस्कर सभागृहातल्या मैफलीबद्दल निदान चार ओळी छापून येतात. पण गंगापूर धरणाजवळ सुला या वाइन कंपनीच्या मळ्यात २००८ पासून होणाऱ्या उत्सवात देशभरचे इंडी बँड वाजवून गेले. मी वाचलेल्या बातम्यांत गर्दी होती, वाइन होती, वाहतूककोंडी होती. गाणी कशी झाली ते नव्हतं.

गेल्या महिन्यात ओंकारने स्वतः एक परीक्षण लिहायला घेतलं, मराठीत. पुण्याच्या चार पोरांनी घरीच ध्वनिमुद्रित केलेला सहा गाण्यांचा छोटा अल्बम, मित्राच्या मित्राचा. दुसऱ्याच ओळीत अडला. "मामा, रिव्हर्बला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, रिव्हर्बच म्हण, पण आवाज कसा घुमतो ते सांग. बराच वेळ पेन चावत बसला. मग लिहिलं: 'गाणारी मुलगी काळारामाच्या सभामंडपात पहाटे एकटीच गुणगुणत असावी असा आवाज, आणि ड्रम बाहेर चपला काढतात तिथून येतो.' तो अल्बम मी अजून ऐकलेला नाही, पण ऐकायचा ठरवला तो या ओळीवर.

काल दाजी काही कामाने नाशिकला आले होते. जेवताना पोराच्या लिखाणाचा विषय निघाला. त्यांना त्या गाण्यांत रस असण्याचं कारण नव्हतं, तरी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "मग, भाव काय काढलास?"

"अजून नाही काढला, आबा," ओंकार म्हणाला. "वरचा माल चांगलाय. खालचा थर बघायचा राहिलाय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी थोडी भाजी वाढून घेतली.